अंतर्गत कुणाचं, आंतरराष्ट्रीय कुणाचं?



मागं एका विद्यापीठात परिसंवादाला गेलो होतो. कुठलं विद्यापीठ, वक्ते कोण, ते लिहीत नाही. एका सभागृहाचं उणंदुणं काढण्यात पान घालवायचं नाही. विषय होता भारताचं परराष्ट्र धोरण. मंचावर पाच खुर्च्या, मागं जगाचा नकाशा, कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोला ताजा हार. दिवसभर हिंदी महासागर, चीन, अमेरिका, तेल, आरमार यांवर बोलणं झालं. वक्ते अभ्यासू होते, ते नाकारत नाही. मला बरंच नवं कळलं.

शेवटी प्रश्नोत्तरं. मी हात वर केला. विचारलं, २००१ साली डर्बनला वंशद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद झाली. तिथं जातीचा प्रश्न येऊ नये म्हणून आपल्या सरकारनं जोर लावला. परराष्ट्र धोरणात हे कुठं बसतं? अध्यक्ष हसले. म्हणाले, "अहो, तो आपला अंतर्गत प्रश्न आहे. आज आपण आंतरराष्ट्रीय विषयावर बोलतोय. पुढचा प्रश्न घ्या."

सभागृहातही थोडं हसू झालं. मग चहा आला.

परतीच्या गाडीत तो एक शब्द डोक्यात घुमत राहिला. अंतर्गत. हा शब्द मी आधी कुठं ऐकलाय? ऐकलाय तर. पाणवठ्यावरून भांडण झालं, देवळाच्या पालखीवरून झालं, पोलीस ठाण्यावर जायची वेळ आली की गावचे मानकरी हेच म्हणत आलेत. "गावातली गोष्ट गावात मिटवूया. बाहेर कित्याक नेतास?" गावानं म्हटलं तर तो दबाव. विद्यापीठानं म्हटलं तर ती विद्याशाखा. शब्द तोच.

म्हणून आज या शब्दाचीच समीक्षा करायची आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडींवरची आपल्याकडली व्याख्यानं आणि परिसंवाद या एका शब्दावर उभे असतात. काय मंचावर येईल आणि काय येणार नाही, ते हा शब्द ठरवतो.

सुरुवात आपल्या दारापासून करू. आपला दोडामार्ग. आज तपासणी नाका ओलांडला की गोवा. डिचोली, म्हापसा, पणजी. आपली पोरं रोज सकाळी दुचाकीवरून कामाला जातात, रात्री परत येतात. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही रेषा दोन राज्यांमधली नव्हती. ती दोन देशांमधली सरहद्द होती. पलीकडे पोर्तुगाल. म्हातारी माणसं सांगत, "थंय पाकल्यांचा राज." एकाच ओहोळाचं पाणी, एकच बोली, सोयरीक दोन्हीकडे, आणि मध्ये बंदूक. १९५४-५५ साली भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले. बांद्याजवळ पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. माणसं मेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय घडामोडी शिकायला आमच्या वाडवडलांना कुठल्या सभागृहात जावं लागलं नाही. त्या काजूच्या झाडाखालून दिसत होत्या.

आता बघा, पोर्तुगालचं म्हणणं काय होतं. १९५१ साली सालाझारच्या सरकारनं घटना बदलली. वसाहत हा शब्द काढला, त्या जागी सागरापलीकडचा प्रांत हा शब्द घातला. १९५५ साली पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत गेला आणि म्हणाला, आमच्याकडे वसाहतच नाही. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत. तिथं काय चाललंय ती आमची अंतर्गत बाब. तुम्ही विचारणारे कोण?

जगानं ते मानलं नाही. १५ डिसेंबर १९६० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला आणि पोर्तुगालच्या ताब्यातल्या, स्वराज्य नसलेल्या प्रदेशांची यादी दिली. अंगोला, मोझांबिक आणि त्याच यादीत गोवा. पुढल्या वर्षी डिसेंबरात भारताचं लष्कर गोव्यात शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला. सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरून तो पाडला. आपल्या ओहोळापलीकडचा गाव न्यूयॉर्कमध्ये बोलला गेला, कारण 'अंतर्गत' हे कुलूप कुणीतरी फोडलं.

दुसरं उदाहरण त्याआधीचं. १९४६. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांना वेगळ्या वस्तीत कोंडणारे, जमीन घेऊ न देणारे कायदे होत होते. भारतानं ते गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांत नेलं. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स यांनी सनदेच्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. कुठल्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हात घालू नये, असं ते कलम सांगतं. भारताचं उत्तर असं की माणसाला त्याच्या जन्मावरून हीन वागवणं हा कुणाचा घरगुती मामला होऊ शकत नाही. आमसभेनं दोन-तृतीयांश मतांनी भारताच्या बाजूनं ठराव केला. भारताच्या परराष्ट्र धोरणाचा अभिमान बाळगायचा तर या ठरावाचा बाळगावा. मी बाळगतो.

मग २००१ ला काय झालं? ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, त्याच दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर, डर्बनला परिषद. दलित कार्यकर्ते इथून गेले. बिगरसरकारी संघटनांच्या मंचावर जातीचा प्रश्न गाजला, त्यांच्या जाहीरनाम्यात तो आला. पण सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. आपल्या सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या राज्यघटनेत बंदोबस्त आहे, बाहेरच्यांनी यात पडायचं कारण नाही. स्मट्सच्या तोंडचं वाक्य पंचावन्न वर्षांनी आपल्या तोंडी आलं. आणि आलं कुठं? डर्बनला. हिंदी लोकांना वेगळ्या वस्तीत कोंडलं होतं ते ज्या शहरात, त्याच शहरात.

इथं थांबायला हवं. आपल्यातले पुष्कळजण इथंच टाळ्या मारून मोकळे होतात. समोरच्या बाजूचा मुद्दा नीट ऐकायचा नाही, ही सवय आपल्यालाही आहे. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी २००१ सालीच लिहिलं होतं की जातीला वंश म्हणणं शास्त्राला धरून नाही. ते काही जातीचे कैवारी नव्हते. आणि मुद्दा बरोबर आहे. तो त्यांच्याआधी बाबासाहेबांनी मांडलेला आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात त्यांनी वंशाचा सिद्धांत खोडून काढला. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात पुन्हा खोडला. तेव्हा आपल्यातला कुणी उठून आम्ही वेगळ्या रक्ताचे, म्हणून जात म्हणजे वंशद्वेष असं बोलू लागला, तर तो बाबासाहेबांना सोडून बोलतो आहे हे त्याला सांगायला हवं.

पण या मुद्द्यानं सरकारची बाजू जिंकत नाही. का, ते बघा. सर्व प्रकारचा वांशिक भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर १९६५ मध्ये झाला. त्याच्या पहिल्याच कलमात नुसता वंश नाही. वंश, वर्ण, जन्मकूळ, राष्ट्रीय वा वांशिक मूळ अशी रांग आहे. यातला जन्मकूळ हा शब्द घालायची सूचना कुणाची? भारताची. करार घडत होता तेव्हा भारताच्याच प्रतिनिधींनी तो शब्द सुचवला. १९६८ मध्ये भारतानं करारावर कायमचं शिक्कामोर्तब केलं. पुढं १९९६ साली या कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या समितीनं भारताचा अहवाल तपासला आणि म्हटलं, अनुसूचित जातींचा प्रश्न या शब्दाखाली येतो. २००२ मध्ये, डर्बननंतर वर्षभरात, समितीनं वेगळी शिफारस काढून स्पष्ट केलं की जातीसारख्या जन्मजात उतरंडीवरून होणारा भेदभाव यात मोडतो. म्हणजे जात हा वंश आहे की नाही हा वाद सोडवायची गरजच नाही. जन्म पुरे. आपल्याला तर जन्मावरूनच मारलं गेलं. नाकाची लांबी मोजून कुणी मारलं नव्हतं.

त्या परिसंवादात हे कुणाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. करार, कलमं, समित्या हेच तर त्यांचं काम. मग बोलत का नाहीत? माझं उत्तर साधं आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडी या विषयाची आखणीच अशी झाली आहे की त्यात बोलणारा एकच, तो म्हणजे देश. देश म्हणतो, देश रुसतो, देश मैत्री करतो. देशाच्या पोटात कोण कुणाच्या छातीवर बसलंय ते या विषयाला दिसत नाही. गावगाड्यात गाव एक, असं म्हणतात ना? वेशीबाहेर राहणाऱ्याला विचारा, गाव एक आहे काय ते. तसंच हे.

बाबासाहेबांची रीत वेगळी होती, आणि ती विद्यापीठातच सुरू झाली. ९ मे १९१६. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावानं निबंध वाचला. विषय भारतातील जाती. परदेशातलं विद्यापीठ, ऐकणारे परके, आणि विषय आपल्या वाडीचा. त्याला कुणी अंतर्गत म्हणालं असतं तर तो निबंध झालाच नसता.

पुढं १९४२ चा डिसेंबर. दुसरं महायुद्ध जोरात. कॅनडात क्वीबेक प्रांतात पॅसिफिक रिलेशन्स या संस्थेची परिषद भरली. युद्धानंतरचं जग कसं असावं हा विषय. आजच्या भाषेत पक्का आंतरराष्ट्रीय परिसंवाद. त्यासाठी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहून दिला आणि गुलाम, निग्रो, ज्यू यांच्या प्रश्नांशेजारी अस्पृश्यांचा प्रश्न मांडला. जग नव्यानं बांधायला निघालात ना, मग आमचीही नोंद घ्या. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं. तिकडच्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत असं कळवलं. डु बॉईस यांचं उत्तर ३१ जुलैला निघालं. दोन माणसं, दोन खंड, मध्ये कुठलंही परराष्ट्र खातं नाही. याला आंतरराष्ट्रीय संबंध म्हणणार की नाही?

आणि नुसती गाऱ्हाणीच मांडली असंही नव्हे. त्या हार घातलेल्या फोटोखाली बसून दिवसभर परराष्ट्र धोरण बोललं गेलं. पण परराष्ट्र धोरण हे बाबासाहेबांच्या राजीनाम्याचं एक कारण होतं, हे एकानंही सांगितलं नाही. आपल्याला हिंदू कोड बिल तेवढं ठाऊक असतं. १० ऑक्टोबर १९५१ चं निवेदन काढून वाचा. त्यात ते म्हणतात की स्वातंत्र्याच्या वेळी सगळे देश आपले मित्र होते, चार वर्षांत कुणी उरला नाही. साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले एकशेऐंशी कोटी लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी मांडला. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण नीट ऐकावी. मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र समितीवर किंवा संरक्षण समितीवर त्यांना कधी घेतलं नाही. घटना लिहायला चालले, जगाबद्दल बोलायला चालले नाहीत. ती खुर्ची तेव्हाही नव्हती. आज मंचावर पाच खुर्च्या असतात, त्यात आपली किती, मोजत चला.

२६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत ते पुन्हा बोलले. तिबेट, चीन, पंचशील, आणि हो, आपला गोवाही. पंतप्रधानांनी वेळेवर मनावर घेतलं असतं तर छोट्या पोलीस कारवाईत गोवा मिळाला असता, असं त्यांचं म्हणणं. दोडामार्गच्या नाक्यावर तेव्हा पोर्तुगीज शिपाई उभा होता, आणि दिल्लीत बाबासाहेब त्याच्याबद्दल बोलत होते. आपल्या तालुक्यात किती जणांना हे माहीत आहे?

त्या भाषणातलं सगळंच मानावं असं मी म्हणत नाही. आग्नेय आशियाच्या लष्करी कराराबद्दल त्यांची भूमिका मवाळ होती, साम्यवादाबद्दल कडक. व्हिएतनाममध्ये पुढं काय झालं ते आपण पाहिलं आहे. त्यावरून वाद घालायला जागा आहे. पण वाद घालायला आधी वाचावं लागतं. हार घातला की वाचायची गरज राहत नाही. हे विद्यापीठाला सांगतो, तेच आपल्या जयंतीलाही सांगतो.

कारण आपलंही तपासू. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली. नाव कुठलं? १९६६ ला अमेरिकेत ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथरचं. चाळीत राहणाऱ्या पोरांनी समुद्रापलीकडचं नाव उचललं, कारण त्यांना आपलं दुखणं तिथं दिसलं. कुणी फेलोशिप दिली नव्हती. आज आपल्या हातात फोन आहे, सगळं जग त्यात आहे. आणि आपण काय करतो? फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत सिॲटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली. सगळीकडं जयभीमचे संदेश फिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनी तसल्याच विधेयकावर सही नाकारली. त्यावर आपल्यात चर्चा झाली? सही का नाकारली, विरोध कुणी केला, ते विरोधक कुठल्या गावचे, कुठल्या आळीचे? जात विमानात बसून गेली, तिथं घर बांधलं, तिथं पदं मिळवली. आपण मात्र विजयाचा संदेश पुढं ढकलतो आणि पराभवाचा अभ्यास करत नाही. आणि सिॲटलच्या कायद्यानं आपल्या बौद्धवाडीचा रस्ता होणार नाही, हेही लक्षात असू द्या. बाहेरचा आवाज हा आधार असतो. लढा इथलाच.

मग कुणी म्हणेल, आमका काय तां? चीन-अमेरिका आपल्या कुठल्या कामाचे? तर दोडामार्गकरांनी तरी असं म्हणू नये. गोव्याचं लोहखनिज आधी जपानला जायचं. २००० नंतर चीनची भूक वाढली, भाव वाढले, डोंगर कापले गेले. आपल्या कळण्यापर्यंत खाण आली. ट्रक आले, ट्रकांवर पोरं लागली, झाडांवर लाल धूळ बसली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं, आणि हप्त्यावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. परिसंवादात ज्याला चीनचा उदय म्हणतात, तो आपण ट्रकच्या हप्त्यात पाहिला. पण हे बोलायला त्या मंचावर ट्रकवाल्याला कुणी बोलावत नाही. धूळ खाल्लेल्या वाडीला तर नाहीच.

सरहद्द गेली, रेषा राहिली. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारनं परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत नाके बंद झाले. पलीकडे नोकरी, अलीकडे चूल. तिलारीचं धरण आपल्या तालुक्यात, पाणी कालव्यानं गोव्यात जातं, त्याचा दोन राज्यांत करार आहे. हद्द, करार, परके लोक, पाण्याचा वाटा. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पुस्तकात याहून वेगळं काय असतं? ही भाषा आपल्याला येते. फक्त ती आपली विद्या आहे असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी करायचं काय? परिसंवादावर बहिष्कार घालावा, असं मी म्हणणार नाही. दार उघडं असलं की आत जायचं. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, १९८५ पासूनचं. तिथं दामोदर कोसंबींच्या नावचं अध्यासन आहे. २००८ पासून पणजीत त्यांच्या नावानं विचारांचा महोत्सव भरत आला आहे, व्याख्यानं लोकांना खुली असतात. हे दामोदर कोण? धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. धर्मानंद हे गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाच्या शोधात पोर्तुगिजांच्या गोव्यातून निघाले ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश करत पुढं हार्वर्ड आणि लेनिनग्राडपर्यंत गेले. आणि १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बोलले, ते महापरिनिर्वाणाच्या पंधरा-सोळा दिवस आधी. धम्म कधीच कुठल्या देशाचा अंतर्गत विषय नव्हता. आपल्याला परंपरा हवी असेल तर ती ही आहे.

तेव्हा जा. पुढच्या रांगेत बसा. वही न्या. वक्ता 'भारताची भूमिका' म्हणाला की विचारा, भारतातल्या कुणाची? 'राष्ट्रहित' म्हणाला की विचारा, खर्च कुणाच्या ताटातून? 'अंतर्गत' म्हणाला की शांतपणे १९४६ सांगा, १९६० सांगा, १९६५ सांगा. तारखेनिशी सांगा. ओरडू नका. ओरडलं की ते हसतात आणि चहा येतो. तारीख सांगितली की उत्तर द्यावं लागतं.

आणि आपल्या विहारात महिन्यातून एक संध्याकाळ ठेवा. एका वेळी एकच कागद घ्या. पहिल्यांदा राजीनाम्याचं निवेदन. मग राज्यसभेतलं भाषण. मग डु बॉईसचं पत्र, ते एकाच पानाचं आहे. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी अडवून विचारायचं. आयाबायांनाही बसवा. पाणवठ्यावरचा 'अंतर्गत' त्यांनी आपल्यापेक्षा जास्त सोसलाय.

मी त्या दिवशी तारखा सांगू शकलो नाही. तयारी नव्हती. म्हणून खाली बसलो. पुढच्या वेळी तुमच्यातला कुणी उभा राहील, त्याला खाली बसावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

जय भीम.